सुगंधाची कॉफी

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी दाजींनी पहिल्यांदा चहा केला, तो बायकोचा हात मोडला म्हणून. विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून सुगंधा घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. मुलगा कौस्तुभ ओरोसला सरकारी नोकरीत. तो म्हणाला, दोघंही क्वार्टरवर येऊन राहा. पण काजूचा हंगाम तोंडावर आला होता, आणि अशा वेळी धामापूर सोडून जाणं दाजींना शक्य नव्हतं. स्वयंपाकाला आनंदीबाई येऊ लागल्या. त्या येत आठ वाजता, त्यामुळे सकाळचा चहा दाजींच्या वाट्याला आला.

चहा त्यांना लवकर जमला. आलं ठेचून, साखर सढळ हाताने. सुगंधा डाव्या हातात कप धरून सावकाश पिई आणि म्हणे, "चाय बरी झाली." दाजींना तेवढ्यावर समाधान होतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि घरातल्या बहुतेक गोष्टींना तिचा हाच शेरा असे.

पंधराएक दिवसांनी तिची धाकटी बहीण सीता मालवणहून भेटायला आली. दाजींनी तिच्यापुढेही मोठ्या कौतुकाने कप ठेवला. सीताने एक घोट घेऊन त्यांचं कौतुक केलं आणि सहज म्हणाली, की भावोजींच्या हाताला चव आहे, पण ताई चहा पिते हेच अजून डोळ्यांना खरं वाटत नाही. माहेरी तर ती चहाला शिवतसुद्धा नसे, तिला कॉफीच लागायची.

दाजींना आधी थट्टाच वाटली. त्यांनी सुगंधाकडे पाहिलं. ती बहिणीला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होती. तेव्हा त्यांना कळलं, की हे खरं आहे.

सीताला दुपारच्या एसटीत बसवून ते परत आले आणि पडवीत सुगंधाच्या शेजारी बसले.

"तुका चाय आवडणा नाय?"

"आता सवय झाली."

"तू माका कधी सांगलंस कसा नाय?"

सुगंधाने सांगितलं, ते अगदी दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात तिने सासूबाईंना विचारलं होतं, घरात कॉफीची पूड आहे का. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप आलाय का, म्हणाल्या. त्या घरात कॉफी आजारी माणसाला देत. त्या माया करणाऱ्याच होत्या, त्यांनी तापाचा काढाही करून दिला. त्यानंतर पुन्हा विचारायची तिला लाज वाटली. पुढे मूल झालं, गुरंढोरं, भातशेती, आणि तो विषयच मागे पडला.

"तुमी काय मुद्दाम दिलास नाय असा नाय," ती म्हणाली. "तुमका ठावकच नाय होता."

हेच दाजींना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी काजू वेचताना त्यांच्या डोक्यात तेच होतं. कुठल्या कलमाला कधी मोहर येतो, कुठली गाय कुठल्या बाजूने धार काढू देते, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आणि रोज समोर बसून चहा पिणाऱ्या बाईला तो नको असतो, हे बाहेरून आलेल्या मेव्हणीने सांगावं लागलं.

संध्याकाळी ते कट्टा गावच्या बाजारात जाऊन कॉफीची बाटली घेऊन आले. सकाळी दुधात दोन चमचे पूड घालून त्यांनी ती चांगली खळखळ उकळली, आणि हाताच्या सवयीने आलंही ठेचून टाकलं. सुगंधाने पूर्ण कप संपवला.

"बरी झाली," ती म्हणाली.

दाजींनी कप विसळायला घेतला. त्या दोन शब्दांचा अर्थ आता त्यांना समजत होता.

दोन घरं सोडून भिकाजीचं घर. त्याची मुलगी शर्मिष्ठा बंगळूरला कंपनीत होती. आता ती घरूनच काम करते, आणि सकाळी तिच्या खिडकीखालून जाताना कॉफीचा वास पाणंदीपर्यंत येतो. दाजी तिच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. तिला वाटलं, काकांना बाबांकडे काही काम असेल. दाजी म्हणाले, "माका कॉफी शिकव गो. तुझ्यासारखी."

शर्मिष्ठा हसली नाही. तिने त्यांना आत बोलावून ओट्यावर सगळं मांडून दाखवलं. चिकमगळूरहून मागवलेल्या भाजलेल्या बिया, हाताने फिरवायची छोटी चक्की, आणि एकावर एक बसणारी स्टीलची दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. वर पूड घालायची, तिच्यावर गरम पाणी ओतायचं, आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब अर्क उतरेपर्यंत वाट बघायची. कॉफी उकळायची नाही, असं तिने दोनदा सांगितलं. पाण्याला उकळी आली की भांडं खाली घ्यायचं, जरा दम धरायचा आणि मग ओतायचं. त्यानंतर हात लावायचा नाही.

हात न लावणं हेच दाजींना सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी चक्की इतकी फिरवली की पिठासारखी पूड झाली आणि सगळं पाणी वरच तुंबून राहिलं. त्यांनी चमच्याने दाबून बघितलं, तेव्हा गढूळ चिखल खाली उतरला. दुसऱ्या दिवशी पूड जाड राहिली आणि कातळावरून पाणी वाहून जावं तसं पाणी सरळ खाली गेलं. शर्मिष्ठा म्हणाली, रव्यासारखी हवी. तिसऱ्या दिवशी दाजींनी पूड बोटांच्या चिमटीत घेऊन पाहिली आणि आधी थोडंसंच पाणी ओतून ती भिजू दिली. ती फुगली, तिच्यावर बुडबुडे आले. नारळाच्या आळ्यात पाणी सोडताना ते असंच करत. आधी माती ओली व्हायला हवी, मग ती पाणी धरून ठेवते. शर्मिष्ठा पूड काट्यावर मोजून घेई. दाजी तळहातावर घेत, बी घ्यावं तशी, आणि ती काट्यावर ठेवली तर फरक जेमतेम एका ग्रॅमचा निघे.

आठ दिवस हे चाललं. घरी ते सांगत, भिकाजीकडे काजूच्या भावाचं बोलायला जातोय. सुगंधा बरं म्हणे. त्यांच्या सदऱ्याला कॉफीचा वास येई, तो तिला समजत नसेल असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

नवव्या दिवशी शर्मिष्ठाने तिची जुनी भांडी आणि डबाभर बिया त्यांच्याबरोबर दिल्या. दाजी पहाटे उठले. बिया दळल्या, पाणी तापवलं, ओतलं, आणि हात मांडीवर ठेवून ओट्यापाशी बसून राहिले. अर्क उतरल्यावर त्यांनी त्यात घरचं गरम दूध घातलं आणि कप घेऊन पडवीत आले.

सुगंधाने कप घेतला, पण लगेच प्यायली नाही. नाकाशी धरून बसली. मग एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. दाजी उभेच होते.

"कडू झाली थोडी," ती म्हणाली. "उद्या पावडर कमी घाला. आणि दूध जरा जास्त तापवा."

दाजी खाली बसले. आपल्याला इतका आनंद का झालाय, हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं. फक्त बायकोने काहीतरी हवं म्हणून मागितलं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं होतं.

कप संपल्यावर सुगंधा आपणहून बोलायला लागली. तिचे बाबा शाळामास्तर होते. रविवारी ते आईला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. स्वतः लोखंडी कढईत बिया भाजत, दळत, कॉफीवर जायफळ उगाळून घालत.

"बाबा करीत, आणि आवस बसान पिये," ती म्हणाली. "ता माका फार आवडा. माका वाटा, आपल्याकय पण असाच आसतला."

दाजींनी तिचा प्लास्टरमधला हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. अंगणात कोंबडीने पोफळीच्या झावळीखाली पिल्लं घेतली होती, त्यांच्याकडे दोघंही बघत बसली.

प्लास्टर निघालं. आनंदीबाई यायच्या थांबल्या. सुगंधा पुन्हा स्वयंपाकघरात गेली, पण सकाळी सात वाजेपर्यंत ओटा दाजींचा राहिला. जायफळ किती उगाळायचं ते तिने शिकवलं. स्वतःसाठी ते अजून चहाच करतात. कॉफी त्यांना काही फारशी आवडली नाही, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

एप्रिलमधल्या एका सकाळी पडवीत बसल्या बसल्या सुगंधाने विचारलं, की तिचं तर झालं, पण त्यांनी कधी सांगितलं नाही असं काय आहे? दाजींनी तिच्याकडे पाहिलं. तसं काही नाही म्हणाले. मग चहा संपेपर्यंत विचार केला.

"फणसाची भाजी," ते म्हणाले.

"ती काय?"

"माका आवडणा नाय."

सुगंधाने कप खाली ठेवला. "मगे इतकी वर्षां खाल्लास कसे?"

"तू मायेन करी होतंस."

ती हसली, आधी हळू आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाजीसाठीचा कुयरी, कोवळा फणस कालच झाडावरून उतरवून माजघरात ठेवला होता. तो तिने दाजींकडूनच उचलवून घेतला, आणि दोघं मिळून तो भिकाजीच्या घरी द्यायला निघाली.