मत विचारायला आलेली मुलगी

माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक एकदा खुर्चीत बसलं आणि त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, की ते पळणार कुठे? मग एकेक काच बदलत मी त्याला देश कसा चालवावा ते सांगतो. काही जण खालची ओळ न वाचताच ‘दिसतंय, दिसतंय’ म्हणत उठतात, तो भाग वेगळा. पण एवढा घसा कोरडा करूनही आजवर मला कुणी आपणहून विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुझं मत काय? टीव्हीवर जनमताचे आकडे दाखवतात तेव्हा माझं डोकंच फिरतं. हे लोक विचारतात तरी कुणाला?

तर परवा रविवारी सकाळी दार वाजलं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, अशी एक मुलगी उभी. आम्ही लोकांची मतं गोळा करतोय, पंधरा मिनिटं द्याल का, म्हणाली. पंधरा? मी तिला जेवूनच जा म्हणणार होतो. चांगली खुर्ची पुढे केली, पंखा लावला, आत जाऊन सदरा बदलून आलो. बायकोला चहा टाकायला सांगितलं.

मुलीने विचारलं, घरात मतदार किती? म्हटलं, आम्ही दोघंच. वाढदिवस कधी असतात? तेही सांगितलं. तिने टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाली, “मग मला काकूंशी बोलायचंय.”

ज्याचा वाढदिवस आधी येतो त्यालाच विचारायचं, असा म्हणे त्यांचा नियम. मी तिला परोपरीने समजावलं, की आमच्या घरात मत एकच आहे आणि ते माझ्यापाशी असतं. तिने ऐकून घेतलं आणि मला जरा आत बसायला सांगितलं. माझ्याच घरात! गेलो मुकाट्याने. चहा मीच गाळला. कान मात्र बाहेर.

पहिल्याच प्रश्नाला ही ‘ह्यांना विचारा’ म्हणणार, याची मला खात्री होती. कसचं काय! बाई अशा काही सुरू झाल्या, की जणू रोज सभा गाजवत असाव्यात. दवाखान्यातल्या रांगा, बसचं भाडं, शाळांच्या फिया, कुठलं कुठलं युद्ध. मध्येच दोघी हसल्या. आणि मग कळलं, की मागच्या निवडणुकीत मी सांगितलेल्या माणसाला हिने मत दिलंच नव्हतं. त्याच्या आधीच्या निवडणुकीतही नाही. दोन्ही वेळा मी हिला रस्ताभर समजावत मतदान केंद्रापर्यंत नेलं होतं!

शेवटी मुलीने विचारलं, घरात राजकारणावर चर्चा होते का?

“होते ना, रोज होते,” बायको म्हणाली. “मी ऐकते.”

खरं सांगतो, वाईट वाटलं. इतकी वर्षं जिच्याशी बोलत आलो, तिच्या मनातलं मला स्वयंपाकघराच्या दाराआडून कळावं? मुलगी गेल्यावर थोडा वेळ फुगून बसलो. पण मी काही आडमुठा माणूस नाही. जेवताना ठरवलं, झालं ते झालं, आजपासून हिचंही ऐकायचं.

“तुला खरंच काय वाटतं,” मी म्हटलं, “ते मलाही सांग ना.”

तिचा घास हातातच राहिला. मी चेष्टा करतोय का, ते तिने नीट पाहून घेतलं. मग चेहरा असा खुलला, की मलाच कसंसं झालं. तिने खुर्ची पुढे ओढली.

“मला वाटतं,” ती म्हणाली, “बसचं भाडं या सरकारने वाढवलं ना, तेव्हापासून...”

आता भाडं सरकार ठरवत नाही, बस मंडळ ठरवतं. एवढी साधी गोष्ट आधी स्पष्ट व्हायला नको? ती मी स्पष्ट केली. मंडळावरून डिझेल निघालं, डिझेलवरून परराष्ट्र धोरण. सगळं सोपं करून सांगितलं. माझं संपलं तेव्हा ताटं घासून पालथी घातलेली होती.

“हं, बोल आता,” मी म्हटलं.

ती हात पुसत होती.

“अहो,” तिने विचारलं, “ती मुलगी परत कधी येईल?”