डाव्या खांद्याची बंदूक

"आता नेम धरा," मुख्तार म्हणाला. "त्या भिंतीवरचा खिळा दिसतो का, त्याच्यावर."

द्वारकानं रायफल उचलून डाव्या खांद्याला लावली. शहागंजातलं ते दुकान इतकं अरुंद होतं की नळीचं टोक भिंतीला टेकेल की काय असं वाटत होतं. तिनं गाल मागच्या लाकडी दस्त्यावर टेकवला, मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली. दस्ता काखेत अडकत होता आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी खिळ्याच्या उजवीकडेच राहत होती.

मुख्तारनं तिच्या कोपराजवळ बोटं धरून माप घेतलं. त्याचा बाप नूरमोहम्मद निजामाच्या काळापासून बंदुका दुरुस्त करायचा; आता ते काम मुख्तारकडं आलं होतं. "बाई, नळी चांगली हाय. थोडा जंग हाय, तो निघंल. पण दस्ता तुमचा नाय. हा उंच आदमीचा, उजव्या खांद्याचा दस्ता हाय. मागनं चार बोटं कापावा लागंल. वरनं आन् उजव्या अंगानं तासावा लागंल."

"कापायचा नाय," दाराशी उभा असलेला बन्सी म्हणाला.

बन्सी द्वारकाचा धाकटा भाऊ. औरंगाबादेतच वीज खात्याच्या कचेरीत होता. बहीण बंदूक घेऊन एसटीनं येणार म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. त्यानं पुढं येऊन दस्त्यावर हात ठेवला. वरच्या बाजूला लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं आणि किंचित खोलगट. "हे बघ आक्का. आबांचा गाल लागून लागून असं झालंय. हेच तासायचं म्हणतोस व्हय रं मुख्तारभाई?"

"तासायचं नसंल तर नवा बनवतो. अक्रोडाचं लाकूड मागवावं लागंल. यायला दिवाळी उलटंल."

"दिवाळीपर्यंत शेंगा राहत्यात व्हय?" द्वारका म्हणाली. "दसऱ्याला भुईमूग काढायचा."

"गरम तेलावर वाकवून बघता येतं. पण लाकूड जुनं हाय. तडकलं तर मला बोलू नका."

"मी काय म्हणतो," बन्सी म्हणाला, "नळीला चांगली पालिश करू, दस्त्यावर आबांच्या नावाची चांदीची पट्टी बसवू. माझ्या घरी बैठकीत लावून ठेवतो. येणारा-जाणारा बघंल तरी. आक्काला दुसरी बंदूक बघू."

दुसऱ्या बंदुकीच्या परवान्याला किती महिने जातील हे बन्सीलाही माहीत होतं. द्वारकानं रायफल गोधडीत गुंडाळली. "जंग तेवढा काढून द्या, मुख्तारभाई. दस्त्याचं मी सांगते."

मुख्तारनं दुपारपर्यंत नळी साफ करून दिली. बन्सीनं तिला बसथांब्यावर पोचवलं. बस सुटताना तो खिडकीशी येऊन म्हणाला, "रागावलीस का?"

"नाय रे," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

*

वेरूळच्या डोंगराखालच्या त्या गावात कारभारी नाईकांना, म्हणजे द्वारकाच्या आजोबांना, सगळे आबा म्हणत. निजामाच्या जंगल खात्यात ते नाकेदार होते. पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या बंदुका तालुक्याच्या ठाण्यात जमा झाल्या, तशी त्यांचीही झाली. ती परत मिळाली तेव्हा तिच्यावर गंज होता आणि आबांची नोकरी गेलेली होती. ते शेतीला लागले.

द्वारकाचा उजवा डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला. आई रडायची, पोरीचं कसं होणार म्हणून. आबा रडले नाहीत. त्यांनी तिला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर नेऊन गोफण हातात दिली आणि एका डोळ्यानं दगड कसा टाकायचा ते शिकवलं. पुढं ती मोठी झाली, लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं तिला परत आणून सोडलं. डोळ्याचं आम्हाला नीट सांगितलं नव्हतं, असं म्हणाला. त्या दिवशी आबांनी नातजावयाला पाणी दिलं, बैलगाडीपर्यंत पोचवलं आणि घरात येऊन द्वारकाला म्हणाले, "उद्यापासनं बंदूक शिक."

उजव्या डोळ्याशिवाय उजव्या खांद्यावरून नेम लागेना. मग डावा खांदा. काडतूस सरकवायचा बोल्ट उजव्या बाजूला, म्हणून रायफल माळ्याच्या आडव्या बल्लीवर टेकवायची, डावा हात चापावर ठेवायचा आणि मोकळ्या उजव्या हातानं बोल्ट ओढायचा. हे आबांनीच शोधून काढलं. दस्ता लांब पडायचा म्हणून ते तिच्या पाठीमागं उभे राहून खांदा पुढं दाबून धरायचे. सावकाश नेम धरला तर गोळी लागायची. घाई केली की चुकायची.

बन्सीलाही एकदा त्यांनी शिकवायला नेलं होतं. हरीण पडलं तेव्हा बन्सी इतका रडला की त्याला उचलून घरी आणावं लागलं. आबांनी त्याला पुन्हा कधी नेलं नाही. ते रागानं नव्हतं, पण बन्सीला तसं वाटत राहिलं. आणि माघ महिन्यात आबा गेले तेव्हा, बंदूक द्वारकीला द्या, एवढंच त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं होतं.

परवान्यासाठी द्वारका स्वतः कलेक्टर कचेरीत जाऊन आली. पिकाच्या राखणीसाठी, असं तिनं सांगितलं. गरजही तशीच होती. डोंगरातून एक मोठं रानडुक्कर उतरायला लागलं होतं. नुसतं पीक उकरून ते थांबत नव्हतं. पोळ्याच्या सुमारास शेजारची साळूबाई पहाटे निंदायला गेली असताना त्यानं तिची मांडी फाडली. औरंगाबादेच्या घाटी दवाखान्यात तिला कितीतरी दिवस काढावे लागले. तेव्हापासून बाया उन्हं वर आल्याशिवाय रानात जायच्या नाहीत, आणि गेल्या तरी घोळक्यानं, हातात काठ्या घेऊन.

*

आठवड्यानं बन्सी गावी आला. सकाळी लवकर तो द्वारकाच्या मागं मागं रानात निघाला.

"तू कशाला येतोस?" ती म्हणाली.

"बघतो. मी घरी बसून काय करू?"

अजून तांबडं फुटत होतं. द्वारका माळ्यावर चढली, बन्सी खाली बांधावर बसला. थोड्याच वेळात भुईमुगाचे वेल हलायला लागले. डुक्कर अगदी निवांत उकरत होतं. द्वारकानं रायफल बल्लीवर टेकवली. दस्ता खांद्यात बसेना. पाठीमागून खांदा दाबायला आता आबा नव्हते. तिनं मान ताणून डोळा माशीवर आणायचा प्रयत्न केला. तेवढ्यात डुकरानं मान वर केली, त्याला वास लागला होता. तिनं घाई केली आणि चाप ओढला.

गोळी डुकराच्या मागं मातीत गेली. डुक्कर सरळ बांधाकडं धावत आलं. बन्सी कसा उठला आणि बाभळीवर कसा चढला ते त्यालाच कळलं नाही. डुक्कर बुंध्याला घासून निघून गेलं. काटे अंगात रुतलेला बन्सी वरूनच ओरडला, "आक्का, गेलं, गेलं ते!"

माळ्यावरून उत्तर आलं नाही.

तो उतरून धावला. द्वारका बल्लीला धरून बसली होती. धक्क्यानं दस्ता मागं सरकून तिच्या डाव्या गालाच्या हाडावर बसला होता, डोळ्याच्या अगदी खाली. रक्त फारसं नव्हतं, पण सूज त्याच्या डोळ्यांदेखत चढत होती.

"आक्का?"

"बन्सी, हात दे," ती म्हणाली. "मला खाली पायरी दिसंना."

त्यानं तिला हाताला धरून उतरवलं. बांधावरून, ओढ्यातून, गावच्या वाटेवरून तो तिला तसाच घेऊन आला. ती पाऊल टाकण्याआधी पायानं जमीन चाचपत होती. वाटेत बाया भेटल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या. द्वारकानंच सांगितलं, "काय नाय, मार लागलाय."

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस तिचा डोळा उघडला नाही. ती अंथरुणावर बसून राहिली, आणि घरात कुठं काय आहे ते बन्सीला सांगत राहिली. चहाची पूड कोनाड्यात. शेळीला पाणी दाखव. साळूबाई काठी टेकत येऊन हळदीचा लेप लावून गेली. संध्याकाळी बन्सी तिच्याजवळ येऊन बसला.

"डोळा गेला असता तर?" तो म्हणाला.

"गेला नाय ना."

"आन् गेला असता तर?"

द्वारकानं गालावरचा लेप चाचपला. मग म्हणाली, "बन्सी, तुला वाटतं मला त्या दस्त्याला रंधा लावायची हौस हाय? मीच त्याला तेल लावत आले, इतकी वर्षं. आबांच्या मिशीचा, तंबाखूचा वास येतो अजून त्याला. म्हणून तर मुख्तारभाईला हो म्हणलं नाय."

"मला वाटलं माझ्यासाठी थांबलीस."

"तुझ्यासाठी बी."

बन्सीनं कोपऱ्यातली रायफल मांडीवर घेतली. दस्त्यावरून त्यानं अंगठा फिरवला. "आबांनी मला बंदूक दिली नाय याचं मला वाईट वाटत नव्हतं," तो म्हणाला. "मला ती नकोच होती. मला वाटायचं, माझं काय तरी ऱ्हावं त्यांच्यापाशी. नायतर त्यांचं माझ्यापाशी."

"त्या दिवशी हरणाला रडलास ना, तेव्हा आबा रात्रभर झोपले नव्हते. पोरगं मायाळू हाय, म्हणत होते. त्याला पुन्हा न्यायचं नाय."

बन्सीनं मान खाली घातली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. द्वारकाला वाटायचं त्याला ठाऊक असेल.

रायफल परत कोपऱ्यात ठेवत तो म्हणाला, "तासून टाक."

"तुला वाईट वाटंल."

"वाटंल. तरी तासून टाक."

*

मुख्तारनं दस्ता पकडीत धरला, करवत लावण्याआधी एकदा दोघांकडं बघितलं. द्वारकानं मान हलवली. मागचा तुकडा पडला. मग रंधा. काळं, गुळगुळीत लाकूड पातळ होत होत गेलं आणि आतून पिवळसर, कोरं लाकूड दिसायला लागलं. जणू आजच झाडातून काढलं असावं. बन्सी दाराशी उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. मागचा तुकडा मुख्तारनं त्याच्यापुढं केला, तर तो म्हणाला, "नको. ऱ्हाऊ द्या."

मुख्तारनं दुर्बीण बसवायची का विचारलं. द्वारका नको म्हणाली. माशी मात्र तिनं बदलून घेतली, पांढऱ्या ठिपक्याची, म्हणजे अंधुक उजेडात दिसेल. मागं रबराची गादी लावली. मग मुख्तारनं रायफल तिच्या हातात दिली. "नेम धरा, बाई."

तिनं खांद्याला लावली. गाल आपसूक टेकला, आणि डोळ्यासमोर ठिपका आणि त्याच्या मागं खिळा, दोन्ही एका रेषेत उभे राहिले. तिनं मान जराही हलवली नव्हती. ती तशीच उभी राहिली. मुख्तारला वाटलं काही चुकलं.

"बरोबर नाय का?"

"बरोबर हाय," द्वारका म्हणाली. "मला वाटायचं, मलाच नीट धरता येत नाय."

सर्वपित्री झाल्यावर चौथ्या की पाचव्या सकाळी डुक्कर पुन्हा उतरलं. या वेळी एकच बार झाला. बन्सी सुट्टी काढून आला होता. तो माळ्यावरून खाली उतरला, पडलेल्या जनावराकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. ते त्याला कधी जमणार नव्हतं. दसऱ्याच्या आधी शेंगा निघाल्या. साळूबाई बसून का होईना, पण शेंगा तोडायला आली.

दिवाळीला बन्सी बायकोला घेऊन गावी आला. पाडव्याच्या सकाळी अंगणात एक बैलगाडी थांबली. डोंगरापलीकडच्या गावची तीन माणसं उतरली. बन्सी पँट-शर्टात ओट्यावर बसला होता. त्यातल्या वयस्कर माणसानं त्याला रामराम घातला.

"बंदूक आपलीच का, साहेब? आमच्या उसात डुकरं घुसल्यात. एका पोराला पाडलंय काल. आपन आलात तर उपकार व्हतील."

बन्सी उठून उभा राहिला. "मला नाय येत," तो म्हणाला. "बंदूक आक्काची हाय." आणि दाराकडं वळून त्यानं हाक मारली.

द्वारका पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. म्हाताऱ्यानं तिच्या चेहऱ्याकडं, त्या मिटलेल्या डोळ्याकडं बघितलं आणि मग बन्सीकडं. द्वारका विचारत होती, कोणत्या बाजूनं येतात, ऊस केवढा झालाय, ओढा किती लांब आहे, वारं कुठून असतं. पोराला कुठं लागलंय, दवाखान्यात नेलंय का. म्हातारा एकेका प्रश्नाला उत्तर देत गेला आणि बोलता बोलता त्यानं डोक्यावरचा पटका सारखा केला.

"थांबा," ती म्हणाली. "हात धुऊन येते."

ती रायफल घेऊन गाडीत चढली तेव्हा त्या माणसांनी सरकून मधली जागा मोकळी केली आणि खाली घोंगडं पसरलं. गाडी वळणाआड गेली. आतून करपल्याचा वास आला, तसा बन्सी घाईनं स्वयंपाकघरात शिरला, चुलीपुढं उकिडवा बसला आणि बोटं पोळत पोळत त्यानं तव्यावरची भाकरी उलटली.