चंद्रावरून दिसणारी भिंत

माझी मुलगी संयोगिता त्या मार्गशीर्षात लग्न होऊन इंदूरला जाणार होती, आणि गेली अकरा वर्षं ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. भांडण नाही, तोंड फुगवणं नाही. "आबा, पान वाढलंय." "आबा, गॅसवाला येऊन गेला." बस, एवढंच. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय गुणाची पोर आहे! गुणाची आहेच हो. पण घरात पाहुण्यासारखी वागणारी पोर बापाला किती सलते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

पहिल्यापासून सांगतो. मी उदयसिंहराव. कोयलीच्या रिफायनरीत एकतीस वर्षं पाळ्या केल्या. आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते, आजोबा पलटणीत. संस्थान गेलं, घोडे गेले, आम्ही निजामपुऱ्यात दोन खोल्या आणि वर अगाशी, म्हणजे गच्ची, एवढ्यावर आलो. डोक्यातली रग तेवढी राहिली. मी तापट माणूस, लपवून काय उपयोग?

संयू लहानपणी अशी नव्हती. मी ड्यूटीवरून आलो की बूट काढायच्या आत सुरू. "आबा, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो!" "आबा, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!" मंडळाच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि सगळं माझ्या डोक्यात ओतायची. एकदा म्हणाली, आपली डभोईची रेल्वे पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा डबे बैलांनी ओढले होते. मी म्हटलं, जा गं, थापा मारतेस. तिनं पुस्तक आणून समोर धरलं. बटाटा हा शब्द पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, घमेलंसुद्धा पोर्तुगीज. मी म्हटलं, "अगं, घमेलं तरी आपलं राहू दे!" तेव्हा ती इतकी हसली की दुर्गा, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून बघायला आली. आठ तास उन्हातान्हात वाल्व फिरवून आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

मग आलं ब्याण्णव साल. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मुलांची चौकस स्पर्धा व्हायची. प्रश्न विचारायचे विश्वासराव. त्यांचे आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे महाराजांच्या खासगी व्यवहारात, मोठे कारभारी. माणूस शांत, गोरापान, इस्त्रीचा झब्बा, आणि हातात एक जाडजूड वही. जगातली सगळी नवलं त्यांनी त्या वहीत उतरवून ठेवली होती. वहीत असेल ते बरोबर, वहीत नसेल ते खोटं, असा मंडळात दंडकच होता. त्यांच्या आजोबांच्या ओसरीवर आमचे आजोबा हात बांधून उभे राहिलेले. त्या घराशी उलट बोलायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

संयू अकरा वर्षांची. शेवटी दोघंच उरली, ती आणि अनुज नावाचा एक मुलगा. हॉल खच्चून भरलेला. मी रिफायनरीतल्या चार दोस्तांना मुद्दाम घेऊन गेलो होतो, आमची पोर बघा म्हणून. विश्वासरावांनी वही उघडली आणि विचारलं, "चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, माणसानं बांधलेली एकमेव वस्तू कोणती?"

संयूची पाळी होती. ती म्हणाली, "कुठलीच नाही."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. उत्तर सगळ्यांना पाठ होतं, मलासुद्धा. चीनची भिंत! शाळेच्या पोरापासून पानवाल्यापर्यंत जो तो हेच सांगायचा. विश्वासराव हसून म्हणाले, "बाळ, नीट विचार कर." ती म्हणाली, "केला, काका. चीनची भिंत म्हणतात, पण ती दिसणार नाही. का ते सांगू?"

"अगं, वहीत लिहिलंय ते चुकीचं कसं असेल?" विश्वासराव म्हणाले. मग हॉलकडे वळून त्यांनी थट्टा केली, "शिलेदारांची लेक आहे. आमच्याकडे वाद पुराव्यानं जिंकतात बाळ, तलवारीनं नाही." सगळा हॉल हसला. माझे दोस्तही हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. रागवायचं कुणावर होतं, आणि मी रागावलो कुणावर! मी खुर्चीवरून उठलो आणि ओरडलो, "संयू! मोठ्यांशी वाद घालतेस? काकांना मुजरा कर आणि माफी माग."

"पण आबा, मी..."

"कर म्हटलं ना!"

आमच्या घरात सणावाराला मोठ्यांना मुजरा करतात, मानानं करतात. तो असा शिक्षा म्हणून कुणी कधी करवला नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होती देव जाणे. मग फ्रॉकवर ओढणी नाही, काही नाही, तशीच वाकली, कपाळाला हात लावून तीनदा मुजरा केला आणि म्हणाली, "माफ करा, काका." बक्षीस अनुजला गेलं. घरी येताना मी तिला सेव-उसळ खायला घातली. तिनं सगळी संपवली आणि ताटली पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो, बूट काढले. ती अभ्यास करत होती. वर बघितलं आणि परत वहीत मान घातली. मला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. चार दिवसांची अकरा वर्षं झाली. दहावीला गणितात चांगले गुण पडले, तरी तिनं कॉमर्स घेतलं. "सायन्स घे की," मी म्हटलं. "नको आबा, ठीक आहे." अलकापुरीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरी लागली. लग्न ठरलं तेव्हाही "तुम्ही म्हणाल तसं." अरे, भांड की एकदा माझ्याशी! पण नाही.

मग दोन हजार तीनची दिवाळी आली. वसुबारसेच्या आसपास गुजराती पेपरात एक बातमी वाचली. चीनचा पहिला माणूस अवकाशात जाऊन आला होता. त्याला विचारलं, तुमची भिंत दिसली का? तो म्हणाला, नाही दिसली. आणि हा गडी पृथ्वीच्या अगदी जवळून फिरत होता. चंद्र त्याच्या हजारपट लांब!

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणजे पोर बरोबर होती. अकरा वर्षांची माझी पोर भर हॉलमध्ये एकटी बरोबर होती, आणि मी तिला वाकवलं.

आणि लगेच माझं नेहमीचं सुरू झालं: खापर फोडायला डोकं शोधणं. हे सगळं त्या वहीवाल्यामुळे! मी ठरवलं, मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात विश्वासरावांनी त्याच माइकवरून सांगायचं की संयोगिता बरोबर होती. हे झालं की पोरगी परत माझ्याशी बोलायला लागेल. इंदूरला जायला महिना-दीड महिनाच उरला होता. दुर्गा म्हणाली, "अहो, आता कशाला? जाऊ द्या ना." मी कसला ऐकतोय. पेपराची घडी खिशात घातली आणि स्कूटर काढली.

विश्वासराव फार थकले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. हे वाचा." त्यांनी चष्मा लावून बातमी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "बरोबर आहे. मला ठाऊक आहे, उदयसिंहराव. अकरा वर्षांपासून."

माझा आवाज चढला. "ठाऊक होतं आणि गप्प बसलात?"

ते उठले. कपाट उघडून तीच वही काढली, एक पान उलगडून माझ्यापुढे ठेवलं. चीनच्या भिंतीची ओळ लाल शाईनं खोडली होती. बाजूला लिहिलं होतं, "चूक. संयोगितानं दाखवून दिली." खाली तारीख, गणपती उठल्यावर सहाव्या दिवसाची. त्याखाली विश्वासरावांची सही, आणि तिच्याखाली वळणदार बाळबोध अक्षरात माझ्या पोरीची.

"तिचा त्या दिवशीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना," ते म्हणाले. "चार दिवस पुस्तकं उलथीपालथी केली. एका इंग्रजी पुस्तकात सापडलं. मग ती वाचनालयात आली तेव्हा मी तिची हात जोडून क्षमा मागितली. वहीबद्दलही, आणि त्या तलवारीच्या थट्टेबद्दलही. ती फार घाणेरडी थट्टा होती, राव. तुमचीही मागायला हवी होती. धीर झाला नाही."

"मग माइकवरून का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. कोजागरीच्या कार्यक्रमात. तिनंच अडवलं मला." विश्वासरावांनी वही मिटून मांडीवर घेतली. "म्हणाली, नको काका. तुम्ही सांगितलंत तर लोक माझ्या आबांना हसतील. पोर बरोबर होती आणि बापानंच तिला मुजरा करायला लावला, म्हणतील. तिनं माझ्याकडून वचन घेतलं. अकरा वर्षांच्या मुलीला दिलेलं वचन मोडवेना मला."

मी तिथून कसा उठलो, आठवत नाही. स्कूटर हातानं ढकलतच बऱ्याच लांबपर्यंत गेलो, चालू करायचं सुचलंच नाही. ज्यानं तिला खोटं ठरवलं त्यानं थोड्याच दिवसांत हात जोडले होते. त्याच्याशी तिचा हिशेब तेव्हाच मिटला होता. म्हणजे ही अकरा वर्षं त्याच्या नावची नव्हती. ती माझ्या नावची होती. तरीही ती पोर मला झाकत राहिली होती, आणि मी आपला पेपराची घडी घेऊन दुसऱ्याच्या दारात जाब विचारायला गेलो होतो!

घरी आलो तर संध्याकाळ झाली होती. दुर्गा म्हणाली, संयू वर अगाशीवर आकाशकंदील लावतेय. मी वर गेलो. ती स्टुलावर चढून वायर बांधत होती. मला बघून म्हणाली, "आबा, जरा तो पकड द्या." मी पकड दिली. पकड देताना जी हिंमत होती ती नंतर राहिली नसती, म्हणून तिथेच बोलून टाकलं.

"संयू, मी विश्वासरावांकडे जाऊन आलो."

तिचे हात थांबले.

"चूक माझी होती. त्यांची नाही, माझी. तू बरोबर होतीस आणि मी तुला सगळ्यांसमोर वाकवलं. लोक हसले ते मला सहन झालं नाही, म्हणून मी तुला पुढे केलं. बापानं असं करू नये. मला माफ कर."

एकतीस वर्षांत रिफायनरीत कुणी माझ्या डोळ्यांत पाणी पाहिलं नसेल. ती स्टुलावरून खाली उतरली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या आबा, जुनं झालं. तिनं तसं काही म्हटलं नाही.

मीच विचारलं, "पण तुला तेव्हा कळलं कसं गं? एवढीशी तर होतीस. पुस्तकात वाचलं होतंस?"

ती मग हळूच म्हणाली, "हे तुम्ही आज विचारताय, आबा. मी त्या दिवशी स्टेजवरून तुमच्याकडे बघत होते ना, तेव्हा मला वाटत होतं, आता आबा विचारतील. सगळे हसू देत, आबा म्हणतील, थांबा, तिला सांगू द्या."

मी मान खाली घातली. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी घरी फटाके वाजत होते.

"पुस्तकात नव्हतं," ती म्हणाली. "इथूनच कळलं." तिनं हात लांब करून उत्तरेकडे दाखवलं. घरांच्या पलीकडे आभाळाच्या कडेला कोयलीच्या रिफायनरीच्या उंच चिमणीवरची ज्योत जळत होती. "तुम्ही दुसऱ्या पाळीला गेलात की मी रोज संध्याकाळी इथे येऊन उभी राहायचे. ज्योत दिसायची. पण तिच्याखालचा तुमचा मोठा रस्ता दिसायचा नाही, टाक्याही नाहीत. तो रस्ता तर त्या भिंतीपेक्षा रुंद. आठ-नऊ किलोमीटरवरून एवढा रस्ता दिसत नाही, तर चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्याही पुढे. मग भिंत कशी दिसेल?"

"पण तू रस्ता कशाला शोधायचीस?"

तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. "रस्ता नव्हते शोधत, आबा. तुम्ही दिसता का, ते बघायचे."

मी त्या ज्योतीकडे बघत उभा राहिलो. एकतीस वर्षं मी तिच्याखाली पाळ्या केल्या होत्या. तिथून निजामपुऱ्याकडे वळून मी एकदाही बघितलं नव्हतं.