पोटात पाणी घेतलेली होडी

मित्रांनो, मी एक म्हातारी होडी आहे आणि राहते धारूरला. हसा, खुशाल हसा! बालाघाटाच्या या उघड्याबोडक्या माळावर होडीचं काय काम, असं मला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण म्हणतो. खरं सांगायचं तर डुलकी लागली की मलाही ते पाण्यावरचं सगळं स्वप्नातलंच वाटतं.

माझा जन्म कोकणातल्या एका खाडीकाठचा. इथल्या मच्छीमार सहकारी संस्थेनं मला मागवलं आणि लॉरीत आडवी पडून, आभाळ बघत बघत मी घाट चढून आले. गावाबाहेर तेव्हा मोठा तलाव होता. मला उतरवलं तेव्हा बायकांनी माझ्या टोकाला हळदीकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. नव्या सुनेचं काय कौतुक होईल, तसं माझं झालं! मग मी राबले. जाळी वाहिली, मासे वाहिले. पण मला आठवतात त्या दुपारी. वारा पडायचा, सगळं आभाळ पाण्यात उतरायचं आणि मी त्या आभाळावर पडून डुलत राहायची. अहाहा, काय सुख होतं ते!

पुढं पाऊस रुसला. एक वर्ष रुसला, दुसऱ्या वर्षीही फिरकला नाही. तलाव आटला, मासे गेले, संस्थाही मोडली. तळाच्या भेगाळलेल्या चिखलात मी तोंड वर करून पडले होते. तिथून मला उचललं ते रामकिसनआप्पांनी. आप्पा गावच्या सोसायटीचे चेअरमन, माणूस मोठा हौशी. सोसायटीच्या रिकाम्या गोदामात त्यांनी संग्रहालय मांडलं होतं. मोट, पाभर, जुने तराजू, असं काय काय. "होडीबी पायजे आपल्याला," म्हणाले आणि बैलगाडीवर घालून मला घेऊन आले.

तिथं माझा थाट काही विचारू नका. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याभोवती, शाळेच्या चित्रांचं प्रदर्शन माझ्या काठावर. एकदा तर आप्पांनी 'समुद्र' असं प्रदर्शनच भरवलं. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, त्या बायकांनी पेटीतली निळी लुगडी आणून माझ्याखाली अंथरली, चुण्या घालून लाटा केल्या. पोरं माझ्यात बसून वल्ही मारत होती. माळावरच्या धनगरवस्तीतली साखराबाई आपली मेंढरं बाहेर थांबवून आत आली. ती बराच वेळ त्या लुगड्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी, आन् एका मेंढराच्या कामाचं न्हाई!" सगळे खो खो हसले. मीही हसले.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला कुणाला सांगता येत नव्हती. दरवर्षी प्रदर्शनाच्या आधी हे लोक मला अंगणात ओढून कडक उन्हात वाळवत. शेतकरी माणसं ती! नांगराला, पाभरीला ऊन दाखवलं की कीड लागत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तीच माया त्यांनी माझ्यावर केली. माझ्या फळ्या आक्रसल्या, सांधे उकलले, आणि गोदाम सांभाळणारी तुळजाबाई झाडलोट करताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "कशी ठणठणीत झाली बघा!" मी तरी काय बोलणार?

मग तो दुष्काळ आला. माळावरच्या आडात खडक दिसायला लागला, जनावरांचा हौद फुटून पडला होता. टँकर यायचा, पण उभा राहायला त्याला सवड नसायची. साखराबाईचा नवरा धुळाजी आजारी, त्यामुळं मेंढरं घेऊन दूर गोदाकाठी जाणंही तिला जमेना. एका सकाळी ती धापा टाकत आप्पांकडं आली.

"आप्पा, ती होडी द्या मला. टँकरवाला म्हणतो, भांडं दाखव, पाणी ओततो. एवढ्या मेंढरांला भांडं कुठून आणू मी?"

"बाई, ती प्रदर्शनातली हाय. तिला बघायला पाहुणे यायलेत."

"पाहुणे बघतील आन् जातील. माझी मेंढरं एकदा गेली की न्हाई यायची परत. येत्या बाजाराला मेंढरं न्यायला येपारी टपून बसलाय." एवढं बोलली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

आप्पांना तिचं रडणं बघवेना. "कावून रडता, बाई? न्या होडी. मीच येतो संगं," ते म्हणाले.

माळावर उथळ खड्डा करून मला बसवलं, कोकरांच्या तोंडाला काठ पुरावा म्हणून. टँकरनं पाणी सोडलं. अगं बाई गं, किती वर्षांनी! पण माझ्या अंगातून ते घळाघळा मातीत निघून गेलं. बघता बघता मी पुन्हा रिकामी. मेंढरं ओली माती चाटत राहिली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

आप्पांनी माझ्या फटीत बोट घातलं. "आपणच वाळवली हिला. लई माया केली आन् हाडं खिळखिळी केली," ते म्हणाले. मग एकदम उठले. "गाडीचं चाक ढिलं झालं तर काय करतो आपण? भिजत घालतो. हीबी लाकडाचीच की!"

पण भिजवायला पाणी कुठलं आणायचं? तुळजाबाईनं धारूरात दारोदार निरोप दिला. लुगड्यांचा समुद्र करणाऱ्या त्याच बायका आल्या. कुणी भांडी घासलेलं पाणी आणलं, कुणी पोरांच्या आंघोळीचं. त्यात गोणपाट भिजवून त्यांनी माझ्या अंगभर पसरले आणि वाळू दिले नाहीत. साखराबाईनं आपल्या मेंढरांची लोकर एकेका फटीत ठासली. माझ्या अंगाला राखेचा न् साबणाचा वास येत होता आणि मी गुंगीत पडले होते. हळूहळू फळ्या फुगायला लागल्या. दुखत होतं, पण गोड दुखत होतं. मग बायकांनी मला आतून घासून स्वच्छ केलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हर कुरकुरला, "पुन्हा मातीत घालता का पाणी?" पाणी पडलं. मी जीव खाऊन आवळून धरलं. जन्मभर जे बाहेर ठेवायला शिकले, ते आता पोटात सांभाळायचं होतं.

पाणी टिकलं. मेंढरं दोन्ही काठांनी गर्दी करून प्यायला लागली.

व्यापारी दोर घेऊन आला तेव्हा साखराबाई म्हणाली, "बसा, भाऊ. पाणी प्या. मेंढरं न्हाई द्यायची आता."

पाहुणे आले, त्यांना आप्पांनी गोदामात नेलंच नाही, सरळ माळावर आणलं. मी तिथंच आहे अजून. माझ्या काठावर खुरांचे ओरखडे आहेत, रंग उडालाय.

मित्रांनो, तुमच्याकडंही कुणी जुनं असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस असेल. जपा त्याला. पण उन्हात ठेवायच्या आधी, कुलपात ठेवायच्या आधी, जवळ बसून एकदा विचारा की बाबा रे, तुला काय लागतं? मला कुणी विचारलं असतं, तर मी एवढंच म्हणाले असते, पाणी.