आत्याची सही नव्हती

माझ्या मेघनाने लग्न न करता मूल ठेवायचं ठरवलं, तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत ज्याला जीभ होती त्याने ती चालवून घेतली. मीही कमी बोलले नाही. पण पोर झाली, माझ्या मांडीवर आली, आणि मी पक्ष बदलला. आता भीती एकच उरली. पोरीचा बाप, शिवडीचा विनीत, लग्नाला नाही म्हणून निघून गेलेला. तो उद्या हक्क सांगत दारात उभा राहिला तर?

म्हणून मीच टायपिस्टकडून स्टॅम्प पेपर करून घेतला. बाप मुलीवरचे सगळे हक्क सोडतो, आई त्याच्याकडे कधी काही मागणार नाही. विनीतने न वाचता सही ठोकली. मेघना मात्र म्हणाली, "आई, आधी वकिलाला दाखवू."

गिरगावच्या वकीलबाई ॲन्टोनेट यांनी कागद वाचून बाजूला ठेवला.

"काकू, हे कोर्टात चालणार नाही. लग्न झालेलं नसलं की कायद्याने मुलीची पालक आधी आईच. मग तो सोडणार तरी काय?"

माझी मान ताठ झाली. माझी मेघना पहिल्या दिवसापासूनच पहिली पालक होती आणि मी त्या माणसाची सही मागत फिरत होते!

"आणि उद्या तो आलाच तर?"

"भेटायला मागू शकेल. कोर्ट मुलीचं भलं बघेल. पण बापाकडून खावटी, म्हणजे पोटगी, मिळायचा हक्क मुलीचा आहे. तो आईबापांना सही करून सोडता येत नाही. जे पोरीचं आहे, ते पोरीचंच."

मी कागद घरी आणून कपाटात टाकला, पण विनीतवरचा राग काही गेला नाही.

बारशाला पाळणा सजला आणि शेजारच्या कमळाबाईंनी विचारलंच, "कानात नाव कोण सांगणार? आत्या कुठाय?"

तेवढ्यात दारात विनीतची बहीण आकांक्षा, हातात झबलं-टोपडं घेऊन. तिला कोणी बोलावलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं, कशाला आलीस हे थेट मालवणीतच निघालं.

"कित्याक इलंस? तुझ्या भावाने सगळं सोडलंय, सहीनिशी!"

"त्याने सोडलं असेल, काकी. मी कुठे सही केलीये?"

मी मेघनाकडे पाहिलं. तिने नुसती नाही म्हणून मान हलवली असती, तरी मी आकांक्षाला जिन्यावरून परत धाडलं असतं.

"आई, आत्या पोरीची आहे. ती मी कशी सोडू? ये गं, आकांक्षा."

आकांक्षा पाळण्यात वाकली, कानात कुजबुजली. मग ताठ उभी राहून पार शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "मुक्ता मेघना परब!"

भावाचं नाव तिने घेतलंच नाही, आडनावही आमचंच लावलं. माझे डोळे भरून आले.

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे, ही आमची रीत. पहिला मी घातला, त्यात विनीतच्या वाटणीचाही होता.

"आई गं, काकी!" आकांक्षा कळवळली आणि हसायला लागली.

अशी लेक, अशी नात, वर ही अशी आत्या. मी दुसराही घातला.