दोरीबाबाची कळशी

"सासूबाईंना आठवडाभर वर तुमच्याकडे घेऊन या. हवा बिघडतेय आणि तो उतार आधीच भिजलाय." पाऊस मोजणाऱ्या बाईंनी सोमवारी सांगितलं होतं. शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक रोज सकाळी बघायचं, हे त्यांचं काम. पोरीचं झबलं झटकता झटकता सून म्हणाली, "बघू." तो शब्द ती अजून विसरलेली नाही.

त्याच दिवशी ओढ्याकाठच्या वस्तीत दोरीबाबा उतरला. पाण्याच्या उंच टाकीवरून त्यानं तागाची लांब दोरी सोडली, खाली कळशी टांगली आणि शेजारच्या भिंतीवर खूण केली.

"ढग म्हणजे वासरू," तो डोळे मिटून म्हणायचा. "दावं माझ्या हातात. वासरू ओढ घेईल तशी कळशी चढेल. मी मागे खेचलं की उतरेल. वस्ती सोडून कुणी हलायचं नाही. हललात तर दावं तुटेल."

दुपारी कळशी कुणी हात न लावता वीतभर वर चढली. आभाळ काळंभोर झालं, पाऊस कोसळला आणि संध्याकाळी थांबला. दुसऱ्या दिवशी ऊन लागताच कळशी खाली. सलग चार दिवस हेच. गर्दी वाढत गेली. टाकीजवळ उभं राहायला जागा मिळेना.

सासूबाई तिथेच राहायच्या. तिची दीड वर्षांची पोर दिवसभर त्यांच्यापाशी, कारण ती वरच्या लॉजच्या धुलाईत कामाला.

"आई, चला ना वर."

"आणि दावं तुटलं तर? तू शिकलेली आहेस, मान्य. पण कळशी चढते ती माझ्या डोळ्यांदेखत."

कळशी चढत तर होतीच. ओढ्याचं पाणी मात्र गढूळ झालं होतं, आणि सासूबाईंच्या मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. पोरीला तिथे सोडून चढण चढताना ती वळून वळून त्या भिंतीकडे बघायची.

शुक्रवारी दुपारी धुलाईच्या अंगणात मुकादमीण ओरडली, "अगं, गाठी सैल कर, खांब वाकतायत." हे रोजचंच होतं. हवा दमट झाली की वाळवणीची तागाची दोरी आखडायची, चादरी वर उचलल्या जायच्या. गाठ सोडता सोडता तिला आठवलं, बाबाची दोरीही तागाचीच.

शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. एक ओली चादर खांद्यावर टाकून ती टाकीवर चढली.

"खाली ये. दाव्याला बाईचा हात चालत नाही," बाबा गरजला.

गर्दीत पुढेच सासूबाई बसल्या होत्या आणि मांडीवर पोर. तरी तिनं चादर पिळत दोरीवर पाणी सोडलं. पाणी झिरपत खाली गेलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. कळशी खुणेच्या वर चढली.

"बाबा, वासरू कुठंय?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. बाबा मुहूर्ताबद्दल काहीतरी पुटपुटत झोळी गोळा करू लागला.

पाऊस मोजणाऱ्या बाई पुढे आल्या. "दोरी ओलाव्यानं आखडते, उन्हानं सैल होते. ढगाचं म्हणाल, तर ऊन पडलं की दरीतली दमट हवा तापून उतारावरून वर चढते. वर थंड होते, तिच्यातली वाफ धुळीच्या बारीक कणांवर थेंब होऊन बसते. तोच ढग. ऊन कललं की हवा चढायची थांबते, पाऊसही थांबतो. पण आज वारा फिरतोय. तो रात्रंदिवस दमट हवा डोंगरावर ढकलत राहील. हा पाऊस संध्याकाळी थांबणारा नाही."

सासूबाई उठल्या. पोरीला कडेवर घेत म्हणाल्या, "सूनबाई, माझी ट्रंक मात्र तूच उचल."

अंधार पडायच्या आत वस्ती वरच्या शाळेत आली. दुपारी लागलेला पाऊस रात्रभर थांबला नाही. रविवारी सकाळी उतार खाली आला. सासूबाईंची मागची भिंत गेली, मग घर गेलं. पोर तिच्या गळ्याला घट्ट बिलगून होती.

तेव्हा कुणीतरी विचारलं, "घड्याळवाले काका कुठे दिसत नाहीत?"

ओढ्याच्या वळणावर ते एकटे राहायचे, घड्याळं दुरुस्त करायचे. गुडघ्यांमुळे टाकीपर्यंत येणं त्यांना जमायचं नाही. वस्ती सोडून हलायचं नाही, हा निरोप सोमवारीच कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन पोचवला होता. शनिवारी मात्र त्यांच्या दाराशी कुणी गेलं नाही. तीही नाही. तिला आपली माणसं वर आणायची घाई होती. काका ढिगाऱ्याखाली सापडले.

चमत्कार दिसला तर तो कोरड्यात आणि ओल्यात दोन्हीकडे करून बघा, एवढं तर कराच. पण तिचं मागणं आणखी एक आहे. तुमच्या गल्लीतही कुणीतरी असेल, ज्याला गर्दीपर्यंत चालत येता येत नाही. थाप त्याच्यापर्यंत पोचली असेल. खरं काय ते पोचलंय का, हे आजच त्याचं दार वाजवून बघून या.