खैतानच्या वर्गातला अमेरिकेचा नकाशा

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक जुना नकाशा आहे, अमेरिकेचा. मुंबईच्या छापखान्यात माझा जन्म झाला आणि बोटीने मी कुवेतच्या शुवैख बंदरात उतरलो. फखरुन्निसाबाईंनी मला तिथल्याच खैतान वस्तीतल्या आपल्या घरी नेलं. बाई मूळच्या रत्नागिरीच्या. कामधंद्यासाठी आलेल्या कोकणी लोकांच्या मुलांना त्या दुपारी शिकवत. एकोणीसशे साठचं दशक होतं ते. "काय सुरेख रंग आहेत!" असं मुलं म्हणायची आणि मी फुलून जायचो.

एके दिवशी बाईंनी अमेरिकेतल्या यादवीचा धडा घेतला. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कापसाची शेतं आणि त्यांत राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. नवं राज्य देशात आलं, की भांडण ठरलेलं. इथे गुलाम ठेवायचे की नाहीत? मग पुढाऱ्यांनी नकाशावर आडवी रेघ मारली. खाली चालेल, वर नाही. पुढे तर कायदाच केला, की उत्तरेत पळून आलेला गुलाम मालकाला परत द्यायचा.

"चला, करून बघू," बाई म्हणाल्या. मुनव्वर दक्षिणेचा पुढारी झाला, यूसुफ उत्तरेचा.

"आणि पळालेली गुलाम ही!" मुनव्वरने झुलेखाकडे बोट दाखवलं.

झुलेखा मुरूडकडची सिद्दी. तिचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. वर्गात कुणीतरी फिदकन हसलं. बाई काही बोलणार, तोच ती उठली आणि यूसुफच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ती आमची आहे," मुनव्वर ओरडला. "परत द्या, नाहीतर आम्ही देश सोडतो!"

यूसुफ गोंधळला. मागे वळून झुलेखाकडे त्याने पाहिलंच नाही. "भांडण नको," तो म्हणाला. "कायदा आहे ना? घेऊन जा."

मुनव्वरने तिचं मनगट धरून ओढलं. तिने पाय रोवले. झटापटीत तिचा कोपर माझ्यावर आपटला, खिळा निसटला आणि मी धाडकन खाली आलो. माझा कोपरा टरकन फाटला.

"हात सोड!"

"खेळ आहे गं," मुनव्वर चाचरला.

"तुमचा खेळ. तुम्ही दोघांनी ठरवलंत. मला कुणी विचारलंत?"

मुनव्वरने हात सोडला. तिच्या मनगटावर बोटं उमटली होती. बाईंनी तिला जवळ घेतलं. "तुला उठू द्यायला नको होतं मी," त्या म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "असंच झालं तिथे. शांतता हवी म्हणून उत्तरेचे पुढारी माणसं परत देत गेले. भांडण मिटलं नाही, आत साचत गेलं. शेवटी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि तोफा सुरू झाल्या."

झुलेखाने डोळे पुसले. "बाई, त्या पळालेल्यांची नावं काय होती?"

बाईंनी धड्याचं पुस्तक चाळून पाहिलं आणि मिटून ठेवलं. मीही शरमलो. माझ्या अंगावर प्रत्येक नदीचं, डोंगराचं, शहराचं नाव होतं. त्यांच्यातलं एकही नव्हतं.

यूसुफने खळ लावून मला चिकटवलं. मुनव्वरने कोपरा धरून ठेवला. झुलेखाशी मात्र त्याला कितीतरी दिवस बोलवेना. पुढे बाई गावी परतल्या आणि मी कुवेतमधल्याच अम्गराच्या भंगारबाजारात येऊन पडलो. उन्हाने माझे रंग उडाले आहेत.

मित्रांनो, जुने नकाशे जपा, फाटले तर चिकटवा. पण कधी तुमच्याच हाती रेघ ओढायची वेळ आली, तर ती जिच्या अंगणातून जाणार आहे, तिला आधी नाव विचारा.